तांबडें निशाण

गेल्या वर्षीं ऐन पावसाळ्यांत पुण्याहून परत येतांना खंडाळ्याच्या घाटांत आमची मोटार एका गॅसच्या टँकरमागें अडकली. पुढें टँकर, एका बाजूस दरी, डोक्यावर धुकें आणि मागें वाहनांची लांबच लांब रांग. टँकर बिचारा अगदीं निमूटपणें चालला होता. परंतु त्याच्या पाठीवरची नारिंगी पाटी आणि लाल चौकटींतली ज्वाला दृष्टीस पडतांच आमच्या गाडींतल्या गप्पा एकाएकीं थांबल्या. मेहुण्यांनीं कांचा वर चढविल्या. पत्नीनें हलक्या आवाजांत विचारलें, "अहो, हा फुटला तर?" मागें बसलेल्या वहिनींनीं अथर्वशीर्ष म्हणण्यास आरंभ केला.

आमच्या मागेंहि एक वाहन आहे, याची त्या वेळीं मला एकट्यालाच जाणीव होती. तो एक लहानसा टेंपो होता. त्यांत पांचसहा निळीं पिंपें सुतळीनें बांधून ठेवलेलीं होतीं, आणि एकाच्या तोंडाला झांकणाऐवजीं चिंध्यांचा बोळा होता. पिंपांत काय होतें तें परमेश्वर जाणे. त्यांवर ना आंकडा, ना चित्र, ना मालकाचें नांव. हा टेंपो घाट उतरेपर्यंत आमच्या गाडीला जवळजवळ चिकटून होता. पण त्याच्यासाठीं कोणीं कांच चढविली नाहीं, कीं देवाचें नांव घेतलें नाहीं.

मी मात्र पुढच्या पाटीकडे पाहत बसलों होतों. तिच्यावर १०७५ हा आंकडा होता. स्वयंपाकाच्या गॅसचा हा जागतिक क्रमांक. पेट्रोलचा १२०३, क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५. जगाच्या पाठीवर कोठेंहि गेलें तरी हे आंकडे बदलत नाहींत. त्यांच्या जोडीला एक सुटा अंक व एक-दोन इंग्रजी अक्षरें असतात, तीं बंबवाल्यांसाठीं. दोनचा अंक असल्यास पाण्याचा बारीक फवारा मारावा, तीन असल्यास फेंस वापरावा, चार असल्यास पाण्याचा स्पर्शहि होऊं देऊं नये. आणि शेवटीं 'ई' हें अक्षर असल्यास आसपासचीं माणसें हलविण्याचा विचार करावा. खालीं संकटसमयीं कोणास कळवावयाचें त्याचा दूरध्वनीचा क्रमांक. मोटारवाहनांसंबंधींच्या १९८९ च्या नियमांनीं ही पाटी आपल्याकडे सक्तीची केली आहे. म्हणजे ज्या पाटीला पाहून आमच्या वहिनींना गणपति आठवला, ती पाटी वास्तविक त्या टँकरची सर्वांत सज्जन बाजू होती. तो आपलें नांव, गांव आणि स्वभाव पाठीवर लिहून चालला होता.

आणि त्याच्या पोटांत तरी काय होतें? आमच्याच घरांत ओट्याखालीं जें चौदा किलो बसलेलें असतें, तेंच सतराअठरा टन. हा टँकर वेळेवर पोंचला नाहीं आणि सिलिंडर येण्यास चार दिवस उशीर झाला, तर घाटांत त्याच्या नांवानें थरथरणारी हीच मंडळी गॅसवाल्याला फोनवर काय काय बोलतील, हें मला ठाऊक आहे. सकाळीं नळाला जें निर्जंतुक पाणी येतें, त्यासाठींहि क्लोरीनच्या टाक्या कोठल्या तरी रस्त्यानें आलेल्या असतात. आपल्याला वस्तु हवी असते; तिचा प्रवास नको असतो.

हें सारें मी आतां मोठ्या शहाणपणाच्या थाटांत सांगत आहें. ही विद्या मीं ग्रंथ वाचून मिळविली असती तर सांगतांना बरें वाटलें असतें. ती मला फार उशिरां मिळाली, आणि जशी मिळाली तें सांगण्यासारखें नाहीं, तरी सांगतों.

आमचें गांव खाडीकांठचें. जवळ औद्योगिक वसाहत झाल्यापासून गांवांतील मुख्य रस्त्यानें रात्रंदिवस टँकर जाऊं लागले. त्याच रस्त्यावर मुलांची शाळा, ग्रंथालय आणि आम्हां पेन्शनरांचीं घरें. चारपांच वर्षांपूर्वीं ह्या वाहतुकीविरुद्ध वरिष्ठांकडे अर्ज करावयाचें ठरलें, आणि जन्मभर मास्तरकी केलेला माणूस म्हणून मसुद्याचें काम माझ्याकडे आलें. मीं तो मोठ्या हौसेनें लिहिला. 'चालते बाँबगोळे' हा शब्दप्रयोग माझा. 'आमच्या चिमुकल्यांच्या मस्तकावर टांगलेली तलवार' हीहि माझीच. कोणत्या टँकरांत काय असतें, तें सांडलें तर काय होतें, याची चौकशी करावी असें मला सुचलें नाहीं. साडेतीनशें सह्या करणाऱ्यांपैकीं इतर कोणालाहि तें सुचलें नाहीं. भीतीला तपशील नको असतो, विशेषण पुरतें, आणि विशेषणांची माझ्याजवळ कधींच वाण नव्हती. ग्रंथालयाच्या सभेंत ध्वनिक्षेपकावरून अर्ज वाचून दाखविला तेव्हां टाळ्याहि पडल्या.

त्या अर्जांत मीं १९४४ सालच्या मुंबईच्या गोदींतील स्फोटाचा दाखला दिला होता. ती हकीकत मीं लहानपणीं आजीच्या तोंडून अनेकदां ऐकलेली. १४ एप्रिलच्या दुपारीं चारच्या सुमारास ती गिरगांवांत चाळीच्या गॅलरींत वाळवणें उचलीत होती. एकाएकीं घर हललें, तावदानें खळाखळा फुटलीं, आणि सारी चाळ "जपान आला, जपान आला" म्हणत जिन्याखालीं गोळा झाली. ज्याचे त्याचे डोळे आकाशाकडे. अर्ध्या तासानें दुसरा धडाका झाला, तेव्हां तर विमान प्रत्यक्ष पाहिल्याचें शपथेवर सांगणारेहि निघाले! रंगूनच्या बाँबवर्षावाच्या कहाण्या ऐकून दोन वर्षें मुंबईनें आकाशाची भीति बाळगली होती. आकाशांत त्या दिवशीं कांहींच नव्हतें.

जें आलें होतें तें समुद्रमार्गानें, आणि तेंहि आपल्याच बाजूच्या जहाजांतून. 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज त्या वर्षीच्या फेब्रुवारींत इंग्लंडांतील बर्कनहेड बंदराहून निघालें तेव्हां त्यांत सुमारें १४०० टन दारूगोळा होता, आणि सोन्याच्या विटाहि होत्या. वाटेंत कराचीस त्यांत कापसाचे हजारों गठ्ठे, तेलाचीं पिंपें, गंधक, लांकूड असा नाना प्रकारचा माल चढविण्यांत आला. हा संसार एका छपराखालीं नांदण्यासारखा नाहीं, हें कप्तानास दिसत होतें; पण लढाईचा काळ, जहाजांत जागा रिकामी ठेवावयाची नाहीं असा हुकूम. १२ एप्रिलला तें व्हिक्टोरिया गोदींत येऊन लागलें. ज्या जहाजांत स्फोटक द्रव्यें असतील त्यानें तांबडें निशाण चढवावें असा बंदराचा रिवाज; ह्या जहाजावर तें नव्हतें. दोन दिवस झाले तरी दारूगोळ्याचा मोठा सांठा आंतच पडून होता. १४ तारखेस दुपारीं कापसांतून धूर निघूं लागला. बंब आले आणि पाणी मारूं लागले. जहाज बाहेर काढावें कीं जागच्या जागीं बुडवावें, याचा निर्णय होईना. तोंपर्यंत शेजारच्या जहाजांवरचीं व धक्क्यावरचीं माणसें आपापलें काम करीत होतीं, कांहीं तर आग पाहत उभीं होतीं. कारण एखाद्या बोटीला आग लागणें ही गोदींत तशी जीव घेऊन पळण्यासारखी गोष्ट नव्हे, आणि हिच्या पोटांत काय आहे तें सांगणारें कापड काठीवर नव्हतें. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. चार चौतिसाला दुसरा. त्याचा धक्का सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानेंहि टिपला. बंबवाल्यांपैकीं ६६ जण जागच्या जागीं कामास आले. एकंदर मृतांचा आंकडा कोणी आठशें सांगतात, कोणी तेराशेंच्याहि पुढें नेतात. १४ एप्रिल हा दिवस आजहि देशभर अग्निशमन सेवेचा स्मरणदिन म्हणून पाळला जातो. बाकी मुंबईच्या आठवणींत राहिलें तें सोनें. कोणाच्या छपरांतून वीट आली, कोणीं ती परत केली, कोणीं ठेवून घेतली, याच्या गोष्टी आजीलाहि तोंडपाठ होत्या. निशाणाची गोष्ट तिला कोणीं सांगितली नव्हती.

मीं ती पुढें वाचली. पण अर्ज लिहितांना माझ्यापुरता ह्या हकीकतीचा अर्थ एवढाच होता, कीं असला माल आमच्या रस्त्यानें येतां कामा नये.

अर्जाला यश आलें. दोनतीन महिन्यांत हुकूम सुटला आणि टँकर गांवाबाहेरच्या बांधावरून जाऊं लागले. हा बांध खाडी आणि मिठागरें यांच्यामधून जातो. अरुंद, कठड्याशिवाय, दिव्याशिवाय. त्याच्या एका अंगाला मिठागरांत काम करणाऱ्यांची पन्नाससाठ घरांची वस्ती आहे. आम्हीं पेढे वांटले. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या सखूबाई त्याच वस्तींतल्या. पत्नीनें त्यांच्याहि हातावर पेढा ठेवला. "कशाचा, वहिनी?" त्यांनीं विचारलें. "रस्त्यावरचे टँकर गेले ना, त्याचा." कोठें गेले, हें त्यांनीं विचारलें नाहीं आणि आम्हीं सांगितलें नाहीं.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यांत एका रात्रीं, नवाच्या सुमारास, समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देतांना एक टँकर बांधावरून घसरून खालच्या चरांत कलंडला. त्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल होतें. झडप तुटून तें वाहूं लागलें आणि त्याचा पांढरा धूर उठला. ड्रायव्हर शुद्धीवर होता. तो हात वर करून "दूर व्हा, दूर व्हा" असें हिंदींत ओरडत होता. वस्तींतल्या लोकांना टँकरविषयीं एकच गोष्ट माहीत होती: तो बाँबगोळा असतो आणि फुटतो. गांवाच्या सभेंत तें मोठ्या आवाजांत सांगितलें गेलें होतें. तेव्हां त्यांनीं बाँबगोळ्यापुढें जें करावें तें केलें. चुली विझविल्या, दिवे मालविले, आणि म्हातारेंकोतारें, पोरेंबाळें घेऊन काळोखांत बांधाच्या कडेनें जितकें लांब पळवेल तितकें सरळ पळाले.

तो टँकर फुटणार नव्हता. हें आम्ल जळत नाहीं, त्याचा भडका होत नाहीं. त्याची वाफ हवेहून जड. दमट हवेंत तिचें धुकें होतें आणि तें जमिनीलगत वाऱ्याबरोबर सरकतें. वारा खाडीकडून वस्तीवरून बांधालगतच वाहत होता. लोक पळत होते तें त्याच दिशेला. आडवें वळून मिठागरांतून दोनतीनशें पावलें गेले असते तरी धुराच्या वाटेंतून सुटले असते. पण आडवें वळावें कशाला? बाँबगोळ्यापासून कोणी आडवें पळतें काय? एक तासानें बंब आला. त्यांतल्या तरुण अधिकाऱ्यानें विजेरीच्या प्रकाशांत लांबूनच पाटी वाचली, १७८९, आणि पाण्याचा फवारा लावून धूर खालीं बसविला. मग वस्तींतलीं माणसें निजावयास आमच्या शाळेंत आणलीं. ज्या शाळेसाठीं मीं तलवार टांगली होती, तीच शाळा.

मी घोंगड्या व चहा घेऊन गेलों होतों. व्हरांड्यांत मुलें डोळे चोळीत रडत होतीं. शिक्षिका त्यांचे डोळे पाण्यानें धुवीत होत्या. सखूबाईंच्या सासऱ्यांना श्वास लागला होता. त्यांना त्याच रात्रीं इस्पितळांत हलविलें. ते अकरा दिवसांनीं परत आले, पण पुन्हा मिठागरांत उतरले नाहींत. आज दोन वर्षें ते दारांतल्या बाजेवर बसून असतात. पाटी वाचण्याची विद्या मला त्या तरुण अधिकाऱ्यानें त्या रात्रीं शाळेच्या पायरीवर बसून शिकविली. "एवढं कुणी यांना आधी सांगितलं असतं तर?" असें मीं त्याला विचारलें, आणि विचारतांच माझ्या लक्षांत आलें कीं यांना आधीं जें काय सांगितलें गेलें तें मींच सांगितलें होतें.

ह्याच सुमारास भोपाळच्या दुर्घटनेविषयीं जें मिळेल तें मी वाचूं लागलों. १९८४ च्या डिसेंबरांत, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्रीं, तेथेंहि असंख्य लोक वायूच्या पुढें पुढें, तो चालला होता त्याच दिशेला धांवले. तोंडावर ओलें फडकें धरलें तरी पुष्कळ फरक पडतो, हें त्यांना कोणीं सांगितलेलें नव्हतें. इतकेंच काय, कोणत्या वायूवर उपचार करावयाचे आहेत हें डॉक्टरांनाहि धडपणें कळविलें गेलें नव्हतें. कारखाना बंद पडला, पण त्यांतला विषारी कचरा आवारांतच राहिला. तो जाळण्यासाठीं २०११ सालीं नागपूरजवळच्या संरक्षणखात्याच्या भट्टीचें नांव निघालें, तेव्हां आपल्या राज्यानें विरोध केला. जर्मनींत नेण्याचें ठरत आलें तें तेथील लोकांच्या विरोधामुळें २०१२ सालीं बारगळलें. अखेर १ जानेवारी २०२५ च्या रात्रीं ३३७ टन कचरा बारा बंद पेट्यांतून, पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका यांच्या लवाजम्यासह अडीचशें किलोमीटरवरच्या पिथमपुरास निघाला. तेथें मोठा क्षोभ उसळला. दोघांनीं स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. जूनअखेर तो कचरा जाळून झाला.

ह्या प्रकरणाकडे पाहून आमच्या ग्रंथालयांतील एक विद्वान गृहस्थ हंसले होते. चाळीस वर्षें विष उघड्यावर पडून होतें तेव्हां कोणी बोललें नाहीं, आणि एका रात्रीच्या प्रवासाला एवढा गहजब. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस, दुसरें काय! असें त्यांचें म्हणणें. मला हंसूं आलें नाहीं. एक तर कोणी बोललें नाहीं हेंच खरें नव्हे. ज्यांच्या दाराशीं तें पडून होतें ते चाळीस वर्षें बोलतच होते, ऐकणारे आपण लांब होतों. आणि पिथमपूरच्या माणसानें भ्यावें नाहीं तर काय करावें? '‌कांहीं धोका नाहीं' हें वाक्य भोपाळच्या लोकांनींहि १९८४ च्या आधीं ऐकलें होतें. रसायनशास्त्र त्यांना येत नसेल, पण त्या वाक्याचा इतिहास त्यांना येतो. हिशेबानें पाहिलें तर त्या बारा पेट्या त्या रात्रीं रस्त्यावरचा बहुधा सर्वांत सांभाळून नेलेला माल असतील. माझ्या मागच्या त्या टेंपोंतल्या पिंपांपेक्षां कितीतरी बऱ्या. परंतु पेट्यांवर पाटी लावणाऱ्यावरच ज्याचा विश्वास उडाला, त्याला पाटी वाचावयास शिकवून काय उपयोग, ह्याचें उत्तर त्या विद्वान गृहस्थांजवळ नव्हतें, आणि माझ्याजवळहि नाहीं.

घाटांतून आम्ही सुखरूप घरीं आलों. टँकर खोपोलीच्या अलीकडे एका बाजूला थांबला आणि त्यानें आम्हांस हात करून वाट दिली. टेंपो केव्हां आणि कोठें वळला, तें मलाहि दिसलें नाहीं.

त्यानंतर आठवड्याभरानें सखूबाई वस्तींतल्या दोघीजणींना घेऊन संध्याकाळीं आल्या. कामाची वेळ नव्हती. लुगडीं धुतलेलीं, पायांत वाहणा. ओसरीवर बसतां बसतां त्या म्हणाल्या, "दादा, एक अर्ज लिहून द्यायचा आहे. ते टँकर आमच्या बांधावरून काढा म्हणून."

मीं त्यांना समजावून सांगण्यास सुरुवात केली. माझी तयारी चांगली होती. बांध रुंद करून त्याला कठडा घालावा, दिवे लावावे, रात्रीची वाहतूक बंद ठेवावी. कोणत्या वारीं कोणता माल जातो त्याचें टिपण वस्तींत लावावें, भोंगा बसवावा, आणि वारा पाहून आडवें कसें पळावयाचें तें लहानथोरांना एकदां करून दाखवावें. पाटीचे आंकडे मीं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखविले. तिघीहि लक्षपूर्वक ऐकत होत्या. बरोबरच्या मुलीनें तर ते आंकडे आपल्या वहींत उतरून घेतले.

"हे सगळं घालाच," सखूबाई म्हणाल्या. "चांगलं आहे. पण आधी ते काढा म्हणून लिहा."

"अहो, पण काढून कुठं न्यायचे? कुणाच्या तरी दारावरून ते जाणारच."

सखूबाईंनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, बाजारांत एखाद्या वस्तूचा भाव विचारावा तसें त्यांनीं विचारलें, "तुमच्या अर्जात लिहिलं होतं का दादा, कुठं न्यायचे ते?"

आंतून पत्नी चहा घेऊन आली होती, ती दारांतच थबकली. मीं चष्मा पुसला, नवा कागद घेतला आणि वरच्या कोपऱ्यांत तारीख घातली.